तोबीतचं पुस्तक आजींच्या बायबलात का नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी भायखळ्याच्या मराठी प्रॉटेस्टंट घरातली, मुलगा वसईचा कॅथलिक. लग्न कॅथलिक चर्चमध्ये ठरलंय. फादरांनी दिलेल्या वाचनांच्या यादीतून दोघांनी पहिलं वाचन म्हणून तोबीतच्या आठव्या प्रकरणातली प्रार्थना निवडली. मुलीच्या आजींनी आपलं बायबल काढलं, अनुक्रमणिकेवरून दोनदा बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "हे पुस्तक पवित्र शास्त्रात नाहीच. त्यांनी ते मागाहून घुसवलंय." मुलाच्या काकांनी उत्तर दिलं, "आम्ही घुसवलं नाही, तुमच्या लूथरने काढून टाकलं." (लूथर म्हणजे सोळाव्या शतकातला जर्मन धर्मसुधारक, प्रॉटेस्टंट पंथाचा आरंभ त्याच्यापासून धरतात.) आता मुलगी विचारते आहे की खरं कोणाचं, आणि हे वाचन ठेवावं की बदलावं.

आजींचं चुकलं, आणि काकांचंही चुकलं. पण दोघांनीही लहानपणापासून जे कानावर पडलं तेच सांगितलं आहे. मी जन्माने प्रॉटेस्टंट. वडील भायखळ्याच्या मराठी मंडळीत पंच होते. लग्न होऊन वसईच्या कॅथलिक घरात आले, आणि गेली ३० वर्षं दोन्हीकडच्या लोकांना बायबल शिकवते आहे. "त्यांनी वाढवलं" आणि "त्यांनी काढलं" ही दोन वाक्यं मी दोन्ही अंगणांत ऐकली. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी हिशोब. नवा करार दोघांचा एकच आहे, मत्तयपासून प्रकटीकरणापर्यंत २७ पुस्तकं. तिथे कानामात्रेचा वाद नाही. फरक जुन्या करारात. प्रॉटेस्टंटांची ३९ पुस्तकं, कॅथलिकांची ४६, म्हणून एकूण ६६ आणि ७३. जी सात जास्त आहेत ती अशी: तोबीत, युदीथ, मक्काबींची दोन, शलमोनाचं ज्ञान, बेन सिरा आणि बारूख. याशिवाय एस्तेर आणि दानीएल ही दोन पुस्तकं कॅथलिक बायबलात लांब आहेत. दानीएलची प्रकरणं १२ ऐवजी १४ भरतात. सुसान्नेवर खोटा आळ येतो आणि कोवळा दानीएल दोन साक्षीदारांना वेगवेगळं उभं करून, "कोणत्या झाडाखाली पाहिलंस?" असं विचारून त्यांना पकडतो, ती गोष्ट तेराव्या प्रकरणात आहे.

एस्तेरचा फरक मी वर्गात नेहमी प्रत्यक्ष दाखवते. दोन बायबलं शेजारी शेजारी ठेवायला लावते. हिब्रूवरून आलेल्या एस्तेरात देवाचा उल्लेख एकदाही येत नाही, शेवटपर्यंत शोधलं तरी सापडत नाही. ग्रीक एस्तेरात मात्र राणी राजासमोर जाण्याआधी राजेशाही वस्त्रं उतरवते, केसांत राख घालते आणि देवाचा धावा करते. तीच राणी, तोच दरबार, पण एका पुस्तकात देव पडद्यामागे आणि दुसऱ्यात थेट नावाने. दोन समाज हे एकच कथानक कसं वाचत होते ते तिथे उघड दिसतं.

ही पुस्तकं आली कुठून? ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकापासून मिसरातल्या अलेक्झांड्रिया शहरात ज्यू लोकांनी आपल्या शास्त्राचं ग्रीक भाषांतर करायला घेतलं. तिथल्या पिढ्यांना हिब्रू कळेनाशी झाली होती. मुंबईत हे समजवायला सोपं जातं, कारण आपल्या बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू लोकांची घरची भाषा मराठी, आणि स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी त्यांच्यासाठी हिब्रूचं व्याकरण मराठीतून लिहिलं होतं. अलेक्झांड्रियातल्या ज्यूंची अडचण तीच होती. त्या ग्रीक भाषांतराला सेप्टुअजिंट म्हणतात, म्हणजे सत्तरांचं, कारण सत्तर-बहात्तर पंडितांनी ते केलं अशी आख्यायिका होती. ख्रिस्ती मंडळीने जुना करार ज्या ग्रीक हस्तलिखितांत जपला, त्यांत हिब्रू शास्त्राच्या पुस्तकांबरोबर ही इतर पुस्तकंही मिसळलेली आहेत, वेगळा कप्पा न करता.

"ही सगळी मुळातच ग्रीक, म्हणून परकी," असं काही प्रॉटेस्टंट शिक्षक सांगतात. मीही एके काळी तेच शिकवत असे. ते सरसकट खरं नाही. बेन सिरा यरुशलेमचा शिक्षक. त्याने सुमारे ख्रिस्तपूर्व १८० मध्ये हिब्रूत लिहिलं. त्याच्या नातवाने मिसरात येऊन ते ग्रीकमध्ये आणलं आणि आरंभी एक छोटं निवेदन जोडलं: हिब्रूत जे बोललं जातं त्याचा जोर दुसऱ्या भाषेत तसाच उतरत नाही, तेव्हा उणीव राहिली असेल तर सांभाळून घ्या. भाषांतर करणाऱ्या कोणाही माणसाला हे वाक्य जवळचं वाटेल. हिब्रू मूळ पुढे हरवलं. १८९६ मध्ये कैरोच्या एका सिनेगॉगमधल्या जुन्या कागदांत त्याची पानं ओळखू आली, आणि नंतर मसादाच्या किल्ल्यावरच्या उत्खननात ख्रिस्तपूर्व काळातली हिब्रू गुंडाळी मिळाली. तोबीतचंही तसंच. मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या गुहांत त्याच्या पाच प्रती तुकड्यांच्या रूपात सापडल्या, चार अरामी भाषेत आणि एक हिब्रूत. शलमोनाचं ज्ञान आणि मक्काबींचं दुसरं पुस्तक मात्र खरोखरच ग्रीकमध्ये लिहिलेली आहेत.

ज्यू लोकांनी काय केलं? त्यांची यादी हिब्रू पुस्तकांवर स्थिरावली. ते २४ पुस्तकं मोजतात, आणि त्यातला मजकूर म्हणजे प्रॉटेस्टंटांची ३९ पुस्तकंच, फक्त मोजणी आणि क्रम वेगळा. इ.स. ९० च्या सुमारास यामनिया गावी ज्यू पंडितांची परिषद भरली आणि तिने ही सात पुस्तकं बाद केली, असं जुन्या पुस्तकांत ठासून लिहिलेलं असतं. अभ्यासकांनी ते मत आता सोडून दिलं आहे. तिथे काही पुस्तकांवर चर्चा झाली होती, पण यादी बंद करणारा ठराव झाल्याचा पुरावा नाही. कॅथलिक वक्ते अजूनही हा दाखला देतात, त्यांनी तो सोडावा.

आता गाभ्याकडे येते. ख्रिस्ती मंडळीत या पुस्तकांविषयी दोन मतं फार जुनी आहेत, लूथरच्या हजार वर्षं आधीची. आणि ती दोन मतं दोन संतांच्या तोंडून आपल्याला ऐकू येतात, ज्यांना कॅथलिकही मानतात आणि प्रॉटेस्टंटही.

एक जेरोम. बेथलेहेमात राहून, ज्यू शिक्षकांकडून हिब्रू शिकून त्याने जुना करार हिब्रूवरून लॅटिनमध्ये आणला. मूळ झरा हिब्रू, त्यात जे नाही ते मंडळीने वाचावं, पण त्यावर शिकवण उभी करू नये, असं त्याचं मत झालं. तरी बिशपांनी आग्रह केला म्हणून त्याने तोबीतचं भाषांतर केलं. अरामी आणि हिब्रू दोन्ही जाणणारा एक माणूस शेजारी बसवला, तो हिब्रूत सांगत गेला आणि जेरोम लेखनिकाला लॅटिनमध्ये सांगत गेला. एका दिवसात पुस्तक उरकलं, हे त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. दुसरा ऑगस्टीन, उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पो गावचा बिशप. त्याचं म्हणणं, मंडळ्या ही पुस्तकं पिढ्यान्‌पिढ्या उपासनेत वाचत आल्या आहेत, तेव्हा ती शास्त्रच आहेत. ३९३ मध्ये हिप्पोला आणि ३९७ मध्ये कार्थेजला तिथल्या बिशपांच्या सभांनी जी यादी मान्य केली तीत ही पुस्तकं आहेत.

त्याच शतकात अलेक्झांड्रियाचा बिशप अथनासियस याने ३६७ च्या आपल्या पत्रात एक यादी दिली. नव्या कराराची २७ पुस्तकं नेमकी आज आहेत तशी देणारी आपल्याला माहीत असलेली ती पहिली यादी, म्हणून प्रॉटेस्टंट शिक्षक ती आवडीने दाखवतात. पण तिच्यातला जुना करार नीट वाचा. तोबीत, युदीथ, ज्ञान, बेन सिरा यांना तो मुख्य यादीबाहेर ठेवतो आणि नवशिक्यांना वाचायला चांगली म्हणतो. बारूख मात्र त्याने यिर्मयाबरोबर आत घेतला आहे, आणि एस्तेर बाहेर ठेवली आहे. म्हणजे आजच्या दोन्हीपैकी एकाही यादीशी त्याची यादी तंतोतंत जुळत नाही. जुन्या पुराव्यांचं बरंचसं असंच आहे. जो कोणी तुम्हाला सांगेल की पहिल्या चार शतकांत सगळं आमच्याच बाजूने होतं, त्याने एक तर याद्या वाचल्या नाहीत, किंवा निवडून वाचल्या.

मध्ययुगात ही पुस्तकं लॅटिन बायबलात होती, वाचली जात होती, आणि तरी जेरोमची शंका पंडितांच्या ओठांवर राहिली. फ्लॉरेन्सला भरलेल्या बिशपांच्या महासभेने १४४२ मध्ये यादी दिली, तीत सातही आहेत. म्हणून "कॅथलिकांनी १५४६ मध्ये ट्रेंटच्या महासभेत वाढवली" हे टिकत नाही. आणि दुसरीकडे, ज्या कार्डिनल कायेतानने १५१८ मध्ये ऑग्सबर्गला लूथरला समोर बसवून माघार घ्यायला सांगितलं, तोच कायेतान या पुस्तकांच्या बाबतीत जेरोमच्या बाजूचा होता. म्हणून "ही शंका लूथरच्या डोक्यातून निघाली" हेही टिकत नाही.

लूथरचं काय झालं ते पाहा. १५१९ मध्ये लाइपझिगला वाद झाला. लूथरचा विरोधक, कॅथलिक पंडित योहान एक (Eck) याने शुद्धिस्थानासाठी, म्हणजे मेलेल्यांचे आत्मे स्वर्गात जाण्याआधी शुद्ध होतात या शिकवणीसाठी, मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकाचा आधार दिला, आणि लूथरने म्हटलं की ते पुस्तक प्रमाणयादीतलं नाही, त्यावर सिद्धांत उभा राहत नाही. वादाची ठिणगी तिथली. पण १५३४ मध्ये त्याचं संपूर्ण जर्मन बायबल छापून आलं तेव्हा ही पुस्तकं त्यात होती. जुना करार संपला की मध्ये एक वेगळा विभाग, वर मथळा अशा आशयाचा: ही पवित्र शास्त्राच्या बरोबरीची नाहीत, तरी वाचायला उपयोगी आणि चांगली आहेत. त्याने जागा बदलली, दर्जा बदलला, पण पानं फाडली नाहीत. इंग्लंडचं १६११ चं राजमान्य भाषांतरही तसंच, मधल्या विभागासह. अँग्लिकन चर्चच्या ३९ कलमांपैकी सहावं कलम जेरोमचं नाव घेऊन सांगतं की मंडळी ही पुस्तकं जीवनाच्या उदाहरणासाठी वाचते, त्यांवरून सिद्धांत ठरवत नाही. प्रेस्बिटेरियनांनी मात्र १७ व्या शतकाच्या मध्यात वेस्टमिन्स्टरला दोरी आणखी आवळली: इतर मानवी लिखाणाला जेवढा मान, तेवढाच यांना.

ट्रेंटच्या महासभेने ८ एप्रिल १५४६ रोजी यादी कायमची बांधली, जो मानणार नाही तो मंडळीबाहेर या शब्दांत. लूथर त्याआधी सात आठवडे वारला होता. ट्रेंटने नवीन पुस्तक आणलं नाही. पण जेरोमसारखी शंका धरून कॅथलिक राहण्याची जी मुभा हजार वर्षं होती, ती त्या दिवशी संपली. माझ्या मते हे कॅथलिक वर्गांत मोकळेपणाने सांगायला हवं, आणि सांगितलं जात नाही.

मग काकांनी विचारावं, काढली कोणीच नाही तर आजींच्या बायबलात ती दिसत का नाहीत? याचं उत्तर लूथरच्या विटेनबर्ग गावात सापडत नाही. ते लंडनच्या बायबल सोसायटीत आहे, आणि आपल्या मुंबईशी त्याचा थेट संबंध आहे.

ब्रिटिश अँड फॉरिन बायबल सोसायटी १८०४ मध्ये स्थापन झाली. युरोपातल्या काही देशांसाठी ती मधल्या विभागासह बायबलं छापायला पैसे देत असे. स्कॉटलंडच्या सभासदांनी जोरदार हरकत घेतली: आमच्या दानाच्या पैशातून शास्त्राबाहेरचं छापू नका. वाद चिघळला आणि १८२६ मध्ये सोसायटीने ठरवलं की ज्यात ही पुस्तकं आहेत अशा बायबलाला पैसा द्यायचा नाही. पुढे अमेरिकन सोसायटीही त्याच वाटेने गेली. छापखान्याच्या आणि दानपेटीच्या या निर्णयाने मधला विभाग घराघरांतून नाहीसा झाला.

आता मराठी बाजू जोडा. मराठी नवा करार बंगालमधल्या श्रीरामपूरला (सेरामपूर) विल्यम केरींच्या हाताखाली १८११ मध्ये छापून झाला, केरी बाप्टिस्ट. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ मध्ये मुंबईत उतरले आणि अमेरिकन मराठी मिशन सुरू झालं, ते काँग्रिगेशनल. त्यांच्या मागून स्कॉटिश मिशनरी आले, ते प्रेस्बिटेरियन. प्रॉटेस्टंटांमध्ये या पुस्तकांना सर्वांत कमी मान देणारी घराणी हीच. आणि त्यांच्या मागे उभ्या राहिलेल्या बायबल सोसायट्यांनी दार बंद केलेलं. म्हणून जर्मन लूथरपंथी शेतकऱ्याच्या आजीला जो मधला विभाग ठाऊक होता, तो भायखळ्याच्या आजीने कधी पाहिलाच नाही. तिच्या बायबलातून कोणी काही काढलं नाही, कारण तिच्या हाती आलेल्या बायबलात ते कधी आलंच नव्हतं. मलाखी संपला की कोरं पान, आणि पुढे मत्तय. मधली चारशे वर्षं तिच्यासाठी त्या एका कोऱ्या पानात मिटलेली आहेत.

वसईच्या बाजूलाही स्वतःला शाबासकी द्यायला जागा नाही. १९६० च्या दशकात दुसरी व्हॅटिकन महासभा होईपर्यंत मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, लॅटिनमध्ये होती. सामान्य माणसाने बायबल ऐकलं ते उपदेशातून आणि सणांतून. माझ्या सासूबाई ज्या सात पुस्तकांसाठी भांडायला तयार होत्या, त्यांतलं एकही त्यांनी वाचलेलं नव्हतं. लग्नानंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यात मी त्यांना तोबीत वाचून दाखवलं, रोज एक प्रकरण, चौदा संध्याकाळी. तोबियासबरोबर त्याचा कुत्राही प्रवासाला निघतो हे ऐकून त्यांनी मला थांबवलं आणि ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं. आमच्या गावात राफाएल नावाची किती माणसं आहेत, पण तो देवदूत बायबलात फक्त याच पुस्तकात येतो, हे त्यांना त्या दिवशी कळलं. आणि भायखळ्याला माझ्या चुलत घरात एक ज्युडिथ आहे, एक सुसान. पुस्तकं नाकारलेल्या घरांत त्या पुस्तकांमधली नावं सुखाने नांदत आली आहेत.

शब्दांमुळेही गोंधळ होतो. प्रॉटेस्टंट या सातांना अपोक्रिफा म्हणतात. कॅथलिक माणसाच्या कानाला तो शब्द शिवीसारखा लागतो, कारण त्याच्याकडे अपोक्रिफा म्हणजे थोमाचं शुभवर्तमान वगैरे, जी दोघांनीही नाकारली आहेत ती. कॅथलिक या सातांना दुय्यम-प्रमाणित अशा अर्थाचा शब्द वापरतात, पण तिथे दुय्यम म्हणजे कमी दर्जाची नव्हे, तर ज्यांच्याबद्दलची खात्री वादानंतर, दुसऱ्या टप्प्यात झाली ती. पत्रिका छापताना किंवा भाषणात कोणताच शब्द न वापरता सरळ "तोबीतचं पुस्तक" म्हणा, म्हणजे कोणी दुखावणार नाही.

खरा मतभेद पुस्तकांच्या संख्येवर नाही. यादी ठरवायचा अधिकार कोणाचा, यावर आहे. प्रॉटेस्टंट म्हणतो: देवाचं वचन स्वतःच आपली ओळख पटवतं, पवित्र आत्मा वाचणाऱ्याच्या मनात साक्ष देतो, मंडळी फक्त ते ओळखते. आणि पौलाने रोमकरांस लिहिलंय की देवाची वचनं यहुद्यांच्या स्वाधीन केली होती, तेव्हा जुन्या कराराची यादी त्यांचीच धरावी. शिवाय युदीथच्या पहिल्याच ओळीत नबुखद्नेस्सर निनवेत राज्य करणारा अश्शूरांचा राजा आहे, जो प्रत्यक्षात बाबेलचा होता. मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकाचा लेखक शेवटी म्हणतो की जमलं असेल तर छान, नसेल तर मला एवढंच साधलं. देवाच्या वचनाने असं बोलावं का?

कॅथलिक उत्तर देतो: नव्या कराराची २७ पुस्तकं कोणती, हे तरी बायबलात कुठे लिहिलंय? तीही मंडळीनेच ओळखली, त्याच आफ्रिकी सभांच्या त्याच यादीत. एका ओळीवर विश्वास आणि तिच्या वरच्या ओळीवर अविश्वास, हे कसं? आणि नवा करार जुन्या कराराची वचनं बहुतेक ठिकाणी ग्रीक भाषांतरातूनच घेतो. युदीथ ही इतिहासाची बखर नाही, बोधकथा म्हणून वाचा. लेखकाच्या नम्रतेने प्रेरणा कमी होत नाही, लूकही आरंभी आपण शोध घेऊन लिहिलं असंच सांगतो.

दोन्ही बाजू वजनदार आहेत. "नव्या करारात यांचा उल्लेख आहे की नाही" या मुद्द्यावर मात्र कोणी फार वेळ घालवू नये. इब्री लोकांस पत्राच्या अकराव्या अध्यायात छळ सोसूनही सुटका न स्वीकारणाऱ्यांचा उल्लेख आहे, तो मक्काबींमधल्या आई आणि तिच्या सात मुलग्यांकडे बोट दाखवतो. पण यहूदाच्या पत्रात हनोखाच्या पुस्तकातला उतारा आहे, आणि ते पुस्तक ना वसईच्या बायबलात ना भायखळ्याच्या. उलट एस्तेरचं एकही वचन नवा करार देत नाही, तरी ती दोघांकडे आहे.

प्रत्यक्ष आयुष्यात हा फरक कुठे जाणवतो विचाराल तर लग्नापेक्षा मरणात. मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकाच्या बाराव्या प्रकरणात लढाईनंतर ज्यूंचा सेनापती यहूदा मक्काबी याचे लोक आपले मृत उचलायला जातात, आणि पडलेल्या प्रत्येकाच्या अंगरख्याखाली यामनियाच्या मूर्तींचे ताईत सापडतात. यहूदा सगळ्यांकडून वर्गणी जमवतो, सुमारे दोन हजार चांदीची नाणी, आणि मेलेल्यांच्या पापांसाठी अर्पण व्हावं म्हणून यरुशलेमला पाठवतो. मेलेल्यांसाठी प्रार्थना करण्याचा कॅथलिकांचा हा सर्वांत स्पष्ट शास्त्राधार. २ नोव्हेंबरला कबरींवर मेणबत्त्या लागतात, नंतर महिन्याची, वर्षाची मिस्सा होते, त्यामागे ही श्रद्धा आहे. प्रॉटेस्टंट म्हणतो, माणूस प्रभूच्या हाती गेला, आता त्याच्यासाठी मागायचं काय उरलं?

माझे वडील गेले तेव्हा शिवडीच्या दफनभूमीत पाळकसाहेबांनी उपासना चालवली. माझे पती कबरीजवळ उभे राहून ओठ हलवत होते. माझ्या भावाने पाहिलं आणि रागाने मान फिरवली. मी मध्ये उभी. नंतर घरी आल्यावर मी शलमोनाच्या ज्ञानाचं तिसरं प्रकरण भावापुढे ठेवलं: नीतिमानांचे आत्मे देवाच्या हाती आहेत, त्यांना कसलीही यातना शिवणार नाही, मूर्खांच्या नजरेला ते मेल्यासारखे दिसले, पण ते शांतीत आहेत. त्याने विचारलं, "हे स्तोत्रांत कुठे आहे?" मी सांगितलं, कुठून आहे ते. तो बराच वेळ गप्प होता. मग वडिलांच्या स्मरणपत्रिकेवर तीच ओळ छापायची का, असं त्यानेच विचारलं. संदर्भ न देता छापली. आज मला वाटतं, संदर्भ द्यायला हवा होता.

ज्यूंच्या हिब्रू यादीबद्दल एक गोष्ट जोडते. योहानाच्या दहाव्या अध्यायात येशू यरुशलेमला पुनःप्रतिष्ठेच्या सणात फिरताना दिसतो, ऐन हिवाळ्यात. तो सण म्हणजे हनुक्का, मंदिर पुन्हा शुद्ध केल्याचा, ख्रिस्तपूर्व १६४ चा. त्याची हकीगत मक्काबींच्या पहिल्या पुस्तकात आहे. मुंबईच्या सिनेगॉगांत तो सण पाळला जातो, पण ते पुस्तक ज्यू शास्त्रात नाही. कॅथलिक शास्त्रात ते पुस्तक आहे, पण सण नाही. प्रॉटेस्टंटाला सणाचा उल्लेख भेटतो, पण त्याची कथा त्याच्या बायबलाबाहेर. मलाखी आणि मत्तय यांच्यामधलं ते कोरं पान कशाने भरायचं हे समजून घ्यायला एवढी एक गोष्ट पुरते. (मुंबईतल्या मल्याळी ऑर्थोडॉक्स मंडळीला विचाराल तर पूर्वेकडच्या मंडळ्यांच्या याद्या कॅथलिकांपेक्षाही लांब निघतात, १५१ वं स्तोत्र धरून. तो विषय मोठा आहे.)

आता तुमच्या वाचनाचं. कॅथलिक विवाहविधीत जुन्या करारातून बरेच पर्याय दिलेले असतात. उत्पत्तीच्या पहिल्या-दुसऱ्या अध्यायातलं, इसहाक आणि रिबकेचं, गीतरत्नातलं, नीतिसूत्रांतल्या सद्‌गुणी स्त्रीचं, यिर्मयाच्या ३१ व्या अध्यायातलं नव्या कराराचं वचन. ही सगळी आजींच्या बायबलात आहेत. आजींचं मन दुखत असेल तर त्यांतलं घ्या, फादर अडवणार नाहीत. पण तुम्ही दोघांनी मनापासून तोबीत निवडलं असेल, तर लगेच बदलू नका. आधी आजींजवळ बसा आणि ते वाचून दाखवा. चष्म्याचा त्रास असेल तर मोठ्या अक्षरात उतरवून न्या. त्यांना "हे शास्त्र आहे" असं मानायला लावू नका. त्यांच्या परंपरेतले लूथर आणि अँग्लिकन पूर्वज हे पुस्तक वाचायला चांगलं म्हणत होते, एवढं सांगितलं तरी ते पूर्ण खरं आहे.

गोष्टही आधी सांगा, नाहीतर प्रार्थना अधांतरी वाटेल. साराचे सात नवरे लग्नाच्या रात्रीच मेलेले आहेत. तोबियास आठवा. बाहेर सासऱ्याने रात्रीतच कबर खणून ठेवली आहे, सकाळी शेजाऱ्यांना कळायच्या आत पुरता यावं म्हणून. आत दोघं पलंगावरून उठून उभे राहतात आणि तो प्रार्थना करतो: तू आदामाला घडवलंस, त्याला आधार म्हणून हव्वा दिलीस, माणसाने एकटं असणं बरं नाही असं तूच म्हणालास, मी हिला वासनेने नव्हे, तर खऱ्या मनाने स्वीकारतो आहे, आमच्यावर दया कर आणि आम्हाला एकत्र म्हातारं होऊ दे. यातला आदाम, हव्वा आणि "एकटं असणं बरं नाही" हे आजींना पाठ असणार, त्यांच्या बायबलाच्या दुसऱ्या अध्यायातलं आहे. पुढची ओळ अशी की दोघंही मिळून "आमेन, आमेन" म्हणाले आणि रात्रभर झोपले.

त्या तयार झाल्या तर वाचन त्यांनाच करू द्यायचं का, हे फादरांना विचारून पाहा. मिश्र विवाहात अशी परवानगी मिळालेली मी पाहिली आहे. वाचणाऱ्याचं नाव मात्र तालमीच्या आधी कळवावं लागतं, आणि आजींना चौथऱ्याच्या पायऱ्या चढताना हात द्यायला कोणीतरी शेजारी हवं.